मूल पहिलीत जाताना: शाळेचं काय, घरचं काय आणि दोघांनी मिळून करायचं काय

ज्यांचं पहिलं मूल यंदा पहिलीत जातंय ते आईवडील आणि ज्यांच्या हाती पहिलीचा वर्ग पहिल्यांदाच आलाय ते शिक्षक, अशा दोघांसाठी हा लेख आहे. उदाहरणं महाराष्ट्रातल्या मराठी माध्यमाच्या जिल्हा परिषद, महापालिका आणि अनुदानित शाळांची आहेत.

‘मुलाच्या शिक्षणाची जबाबदारी पालक आणि शिक्षक दोघांची’ हे वाक्य प्रत्येक पालकसभेत बोललं जातं आणि सगळे मान डोलावतात. अडतं ते पुढे. दिवाळीच्या सुमारास मूल वाचत नाही असं लक्षात आलं की बाई म्हणतात घरी लक्ष नाही, घरचे म्हणतात शाळेत शिकवत नाहीत. दोघंही मनापासून बोलत असतात. कोणी नेमकं काय करायचं हे जूनमध्ये ठरलेलंच नसतं, म्हणून ही वेळ येते. तेव्हा सुरुवात वाटणीपासून करू.

पायरी १: वाटणी बोलून घ्या

कायद्याने ढोबळ वाटणी केलेली आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यात कलम १० पालकांचं आहे: सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत घालणं हे त्यांचं कर्तव्य. कलम २४ शिक्षकांचं. वेळेवर आणि नियमित येणं, ठरलेला अभ्यासक्रम ठरलेल्या मुदतीत पूर्ण करणं, प्रत्येक मूल कितपत शिकतंय हे तपासून लागेल तिथे जादा शिकवणं, आणि पालकांच्या नियमित सभा घेऊन हजेरी, शिकण्याची क्षमता व प्रगती त्यांना सांगणं, हे सगळं त्यात लिहिलेलं आहे. म्हणजे पालकांशी बोलणं हा शिक्षकाच्या कामाचाच भाग आहे, वरकड उपकार नव्हे. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंडाची तरतूद होती. शाळा काढणं राज्याचं आणि मूल पाठवणं घराचं, ही वाटणी आपल्याकडे शंभर वर्षांहून जुनी आहे.

रोजच्या व्यवहारात मात्र आणखी बारीक तुकडे करावे लागतात.

शिकवणं शाळेचं. अक्षरओळख, वाचन, लेखन, बेरीज-वजाबाकी यातली कुठलीही नवी गोष्ट पहिल्यांदा शिकवायची ती वर्गात. मूल मागे पडलं तर जादा शिकवायचं तेही शाळेनेच. ‘घरून करून घ्या’ असं सांगून हे काम घरावर ढकलता येत नाही, कारण कितीतरी घरांत ते करून घेणारं कोणी नसतं आणि मग मागे पडलेलं मूल आणखी मागे पडतं.

रोज वेळेवर शाळेत पोचवणं, पुरेशी झोप, पोटात काही घालून पाठवणं, दप्तर, आजारपणात दवाखाना आणि घरात मुलाशी भरपूर बोलणं, हे घरचं. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास झोप लागते. सकाळी सातला उठायचं असेल तर नऊला अंथरुणावर, हा हिशेब आईवडिलांनाच सांभाळावा लागतो.

आणि तिसरा तुकडा दोघांचा: सराव, सवयी, तब्येत, भीती, भांडणं. इथे दोघांकडेही अर्धीच माहिती असते. वर्गात गप्प बसणारं मूल घरी बडबडं असतं, घरी हट्टी वाटणारं शाळेत शहाण्यासारखं वागतं. या तुकड्यात माहिती इकडून तिकडे गेली नाही की घोटाळे सुरू होतात.

पालकांना एक सांगणं: घरी शिक्षक होऊ नका. अक्षर न येणारी आईसुद्धा आपला वाटा पुरा उचलू शकते. मुलाने वाचून दाखवलेलं ऐकणं, ‘मग पुढं काय झालं?’ असं विचारणं, भाजी निवडताना शेंगा मोजायला लावणं यासाठी शाळा शिकलेली असावी लागत नाही. ‘आम्ही अडाणी, आम्हाला काय कळतंय’ असं कोणी म्हणालं तर शिक्षकांनी तिथल्या तिथे हे पटवून द्यावं आणि एक नेमकं काम सांगावं.

पायरी २: शाळा सुरू होण्याआधी

राज्यमंडळाच्या शाळा साधारण जूनच्या मध्यात उघडतात, विदर्भात उन्हामुळे महिनाअखेरीस. त्याआधी बऱ्याच जिल्हा परिषद शाळांत शाळापूर्व तयारीचा मेळावा होतो. वेगवेगळ्या टेबलांवर मूल उड्या मारतं, रंग ओळखतं, वस्तूंचे गट करतं, चित्रावर बोलतं. ही परीक्षा नाही. प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकाची चाचणी घ्यायला कायद्याने बंदी आहे. मेळाव्यात मूल कुठे अडतंय ते पाहायचं आणि सुट्टीत खेळता खेळता तेवढ्याच गोष्टीवर भर द्यायचा, इतकाच हेतू.

सुट्टीत चार गोष्टी जमल्या तरी खूप झालं: स्वतःचं पूर्ण नाव सांगणं, लघवीला जायचं आहे असं परक्या माणसाला न घाबरता सांगणं, डबा आणि बाटली स्वतः उघडणं, चपला-बूट स्वतः घालणं. अक्षरं शाळा शिकवेल. पण डबा उघडता येत नाही म्हणून उपाशी राहिलेलं मूल दुपारी काहीच शिकत नाही.

जन्मदाखला मिळाला नाही म्हणून प्रवेश थांबवू नका. वयाचा पुरावा नाही या कारणावरून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही.

पायरी ३: पहिल्या पंधरवड्यात ओळखीचं पान

शिक्षकांनी प्रत्येक मुलासाठी वहीचं एक पान राखावं आणि पहिल्या पंधरा दिवसांत आई, बाबा, आजी, जो कोणी सोडायला-न्यायला येतो त्याला विचारून ते भरावं. एका मुलाला पाच मिनिटं पुरतात. विचारायचं ते एवढंच:

– घरी हाक कोणत्या नावाने मारतात?
– घरात कोणती भाषा बोलतात?
– शाळेतून गेल्यावर मूल कोणाजवळ असतं?
– ऐकू येणं, दिसणं, फिट, दमा, कशाची अ‍ॅलर्जी, चालू औषध?
– कशाला घाबरतं, कशात रमतं?
– घरचे कामासाठी वर्षातले काही महिने बाहेरगावी जातात का?
– न्यायला कोण येणार, आणि कोणाकडे अजिबात सोपवायचं नाही?

शेवटचा प्रश्न अवघडल्यासारखा वाटतो, पण आईवडील वेगळे राहत असतील तिथे त्याचं उत्तर लेखी हवंच.

भाषेचा प्रश्न नंदुरबार, मेळघाट, गडचिरोली, पालघरच्या शाळांत सर्वांत आधी विचारावा. घरी पावरी, कोरकू, गोंडी किंवा वारली बोलणाऱ्या मुलाला पहिलीची मराठी जवळजवळ परकी असते. आईला शेजारी बसवून रोजच्या वापरातले पन्नास शब्द लिहून घ्या: पाणी, भूक, दुखतंय, ये, बस, घे, आई, शेळी, पाऊस. ती यादी वर्गात टांगा. मूल ‘मंद’ आहे असा शेरा पहिल्या महिन्यात मारला जातो, त्यातली कितीतरी मुलं फक्त भाषेमुळे गप्प असतात. मुंबई-पुण्यात घरी हिंदी, कन्नड किंवा तेलुगू बोलणाऱ्या मुलांच्या बाबतीतही हीच यादी उपयोगी पडते.

स्थलांतराचा प्रश्नही तितकाच मोलाचा. ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दिवाळीच्या आसपास बाहेर पडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मूल सोबत जाणार असेल तर निघण्याआधी शाळेतून शिक्षण हमी कार्ड मागून घ्या, म्हणजे जिथे मुक्काम पडेल तिथल्या शाळेत बसता येतं. मूल गावातच आजीजवळ राहणार असेल तर हंगामी वसतिगृहाची सोय आहे का हे सप्टेंबरातच विचारा. नोव्हेंबरात विचारून उशीर होतो.

पायरी ४: घरचा अर्धा तास

केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ नको आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला फार तर दोन तास, असं म्हटलं आहे. तेव्हा पहिलीतल्या मुलाला वहीभर लिहायला लावू नये, शाळेनेही आणि घरानेही. रोजचा अर्धा तास असा पुरतो: दहा मिनिटं मूल वाचून किंवा चित्र पाहून सांगतं, दहा मिनिटं मोजणं-जोडणं, दहा मिनिटं गप्पा. टीव्ही आणि मोबाइल तेवढा वेळ बंद. वेळ रोज तीच ठेवा, म्हणजे रोजची घासाघीस टळते.

इथे सर्वाधिक गोंधळ होतो तो पद्धतीवरून. मोठ्यांना आपण शिकलो तसंच शिकवावंसं वाटतं. घरी क, ख, ग, घ असा क्रम घोकून घेतात आणि शाळेत बाईंनी ग, म, भ, न असा गट घेतलेला असतो, कारण त्या चार अक्षरांची वळणं एकमेकांना लागून आहेत आणि त्यातून ‘मग’, ‘नग’, ‘नभ’, ‘गगन’ असे शब्द लगेच वाचता येतात. घरी वेगळा क्रम सुरू झाला की मूल दोन्हीकडे अडखळतं. म्हणून आठवड्याला एकच प्रश्न बाईंना विचारा: ‘या आठवड्यात कोणती अक्षरं चालू आहेत?’ घरी तेवढ्याच अक्षरांचे शब्द शोधायचे, पेपरच्या मथळ्यात, दुकानाच्या पाटीवर, बिस्किटाच्या पुड्यावर.

बाराखडीचीही अशीच फसगत होते. मूल ‘क, का, कि, की’ एका सुरात म्हणतं आणि घरचे खूश होतात. बोट ठेवून मधलंच ‘की’ विचारलं की ते पहिल्यापासून म्हणत जातं आणि चौथ्या जागेवर थांबून उत्तर देतं. हे पाठांतर झालं, वाचन अजून यायचं आहे. तपासायचं असेल तर अक्षरं उलटसुलट दाखवा. तसंच ‘क… म… ळ…’ असं सुटं वाचणाऱ्या मुलाला रागवू नका. तो टप्पा सगळ्यांना येतो. तुम्ही ते तीन आवाज जवळ आणून हळू म्हणा, मग ‘कमळ’ त्याला म्हणू द्या.

संख्यांची अडचण तर मराठीची खास आहे. त्रेसष्टमध्ये तीन आधी ऐकू येतात आणि साठ नंतर, म्हणून मूल ३६ लिहितं. एकोणतीसमध्ये तीस ऐकू येतात, म्हणून ३९ लिहून बसतं. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘साठ तीन’ अशी फोड करून संख्यावाचन दिलं तेव्हा राज्यभर वाद झाला. वाद बाजूला ठेवला तरी मुलाची अडचण खरी आहे. घरी दोन्ही म्हणा: ‘साठ आणि तीन, त्रेसष्ट.’ काड्यापेटीतल्या काड्या किंवा खराट्याच्या काड्या घ्या, दहा-दहाच्या जुड्या बांधा. सहा जुड्या आणि तीन सुट्या. ६ आधी का लिहायचा हे मुलाला डोळ्यांनी दिसतं.

पुढे वजाबाकी येते. ४२ मधून १७ वजा करायचे तर वर्गात एक जुडी सोडून तिचे दहा सुटे करतात आणि बारातून सात काढतात. घरी काका येऊन ‘हातचा घे’ म्हणतात आणि दुसरीच युक्ती दाखवतात. दोन्ही रीतींनी २५ च येतात, पण सहा-सात वर्षांच्या मुलाला एकाच वेळी दोन रीती झेपत नाहीत. वर्गातली रीत पक्की होईपर्यंत घरची रीत राखून ठेवा. शिक्षकांनीही नवी रीत सुरू करताना मुलाच्या वहीत एक सोडवलेलं उदाहरण पालकांसाठी म्हणून पूर्ण लिहून पाठवावं. पाच मिनिटांचं काम आहे, पण त्याने महिनाभराचा गोंधळ वाचतो.

मूल वाटेवर आहे का हे पाहायला निपुण भारत या केंद्राच्या पायाभूत वाचन-गणित अभियानाची उद्दिष्टं सोपी आहेत. पहिली संपताना मुलाला चार-पाच सोप्या शब्दांचं, आधी न पाहिलेलं वाक्य वाचता यावं आणि ९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात. दुसरीअखेर ९९९, तिसरीअखेर ९९९९. ही फूटपट्टी ऑगस्टमध्ये लावून घाबरू नका. फेब्रुवारीत मात्र लावाच.

पायरी ५: हजेरी

पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन व्हावं असं कायदा सांगतो. महिन्याला दोनच दिवस खाडे झाले तर दहा महिन्यांत वीस दिवस जातात, म्हणजे वर्षाचा दहावा हिस्सा. पहिलीत एका दिवसाची दांडी म्हणजे एक अक्षरगट किंवा जुडी सोडण्याची रीत हुकते आणि पुढचे चार दिवस मूल गोंधळलेलं बसतं. लग्न, यात्रा, ऊरूस, लावणी टाळता येणार नाहीत. मग आदल्या दिवशी सांगा आणि परत आल्यावर काय बुडालं ते विचारा.

शिक्षकांनी सलग तीन दिवस गैरहजर मुलाच्या घरी फोन करावा किंवा निरोप पाठवावा. बोलण्याची सुरुवात ‘का आला नाही?’ अशी नको, ‘बरं आहे ना त्याला?’ अशी हवी. पहिल्या प्रश्नावर सबबी मिळतात, दुसऱ्यावर खरं कारण. सोमवारीच मूल येत नसेल, किंवा ठरावीक तासालाच पोट दुखत असेल, तर ते लिहून ठेवा. त्यामागे बहुधा भीती असते, कधी एखाद्या मुलाची, कधी मोठ्या माणसाची.

पायरी ६: निरोपाची वाट ठरवा

व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप सोयीचा आहे, पण त्यावर फक्त सुट्टी, वेळ, सभा आणि साहित्याचे निरोप असावेत. एखाद्या मुलाबद्दल, चांगलं असो की वाईट, ग्रुपवर लिहू नये. ‘तुमच्या मुलाने आज मारामारी केली’ हे तीस घरांत एकदम पोचलं की ते मूल वर्षभर ‘तो मारकुटा’ राहतं. पालकांनी रात्री आठनंतर शिक्षकांना फोन करू नये, आजारपण किंवा मूल घरी न पोचणं एवढे अपवाद. फोन नसलेल्या घरांसाठी तोच निरोप शाळेबाहेरच्या फळ्यावर आणि मुलाच्या वहीत जायला हवा. ग्रुपवर टाकलं म्हणजे सगळ्यांना कळलं असं धरून चालल्यामुळे ज्यांना निरोपाची सर्वाधिक गरज असते तीच घरं सुटतात.

पायरी ७: दहा मिनिटांची भेट

या लेखातली एकच गोष्ट अमलात आणायची असेल तर ही आणा.

नेहमीच्या पालकसभेत मुख्याध्यापकांचं भाषण, सूचना आणि चहा होतो, आणि आपल्या मुलाबद्दल एक वाक्यही न ऐकता पालक घरी जातात. त्याऐवजी प्रत्येक घराला वेगळी दहा मिनिटं द्या. तीस मुलांचा वर्ग असेल तर एकूण पाच तास लागतात. रोज सहा घरं, शाळा सुटल्यावर एक तास, असं केलं की पाच दिवसांत वर्ग पूर्ण होतो. वर्षातून तीनदा: ऑगस्टच्या अखेरीस, दिवाळीच्या सुट्टीनंतर आणि फेब्रुवारीत. बाजाराचा दिवस टाळा. पेरणी-लावणीचे दिवस टाळा. रोजंदारीवर जाणाऱ्यांना सकाळी अकराची वेळ देणं म्हणजे त्यांचा एक दिवसाचा रोज बुडवणं; त्यांना संध्याकाळची किंवा शनिवारची वेळ द्या.

भेट अशी चालवा. पहिली दोन मिनिटं शिक्षक मुलाची वही समोर ठेवून एक खरी चांगली गोष्ट दाखवतात. ‘हुशार आहे’ असं मोघम नको. ‘जूनमध्ये ओळ सोडून लिहायची, आता ओळीवर लिहिते’ असं नेमकं. पुढची तीन मिनिटं पालकांची: घरी काय सांगतं, कशाला कंटाळतं, झोप कशी आहे. मग तीन मिनिटं एकाच अडचणीवर, तीही वहीतल्या पानावर बोट ठेवून. शेवटच्या दोन मिनिटांत दोन वाक्यं लिहायची: शाळा काय करणार, घर काय करणार, आणि कोणत्या तारखेपर्यंत. उदाहरणार्थ: ‘शाळा: रोज मधल्या सुट्टीआधी दहा मिनिटं जुड्यांचा सराव. घर: रोज संध्याकाळी बसथांब्यावरच्या पाट्यांवरचे आकडे वाचायला लावणं. पंधरा दिवसांनी वहीत कळवू.’ दोघांनी सही किंवा अंगठा करायचा. ही चिठ्ठी कायदेशीर कागद नव्हे, पण लिहिलेलं विसरलं जात नाही.

भेट कुठे बिघडते? मूल शेजारी उभं असताना तक्रार सांगितली की ते मान खाली घालून ऐकतं आणि घरी मार खातं. पाच पालक रांगेत कान देऊन उभे असले की आई खरं बोलत नाही. तीन-चार तक्रारी एकदम काढल्या की पालकांच्या लक्षात एकही राहत नाही. आणि फक्त आयांना बोलावलं की घरातले निर्णय न घेणारी व्यक्ती आश्वासन देऊन जाते. वर्षातून एकदा तरी वडिलांना नाव घेऊन बोलवा.

पालकांनी विचारायचे प्रश्न तीन. ते एकट्याने काय करू शकतं? मदत दिली तर काय जमतं? वर्गात ते कोणाजवळ बसतं? ‘नंबर कितवा?’ हा प्रश्न सोडून द्या.

एक गोष्ट दोघांनी मिळून तपासायलाच हवी. फळ्यावरचं चुकीचं उतरवणारं, पुस्तक नाकाशी धरणारं, हाक मारल्यावर दुसऱ्यांदा वळणारं मूल शाळेला कच्चं वाटतं आणि घराला आळशी. कितीदा ते डोळ्यांचं किंवा कानाचं दुखणं असतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं. त्या दिवशी मूल हजर राहील असं बघा आणि शिक्षकांनी अशा मुलांची नावं पथकाला आधीच द्यावीत. पथक यायला वेळ असेल तर ग्रामीण रुग्णालयात दाखवा आणि तोवर मुलाला पहिल्या बाकावर बसवा.

पायरी ८: प्रगतिपत्रक वाचताना

महाराष्ट्रात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन चालतं. पहिली-दुसरीला आकारिक मूल्यमापनाला ७० टक्के भार आणि सत्राअखेरच्या संकलित मूल्यमापनाला ३० टक्के. आकारिक म्हणजे वर्षभर चालणारं: निरीक्षण, तोंडी काम, कृती, वर्गकार्य वगैरे. म्हणून एप्रिलच्या पेपरआधी आठवडाभर घोकून घेण्याचा फारसा उपयोग नाही. श्रेणी ‘अ-१’ पासून ‘इ-२’ पर्यंत असतात. ‘ड’ ३३ ते ४० टक्क्यांची, आणि त्याखालच्या मुलाला शाळेने जादा मार्गदर्शन देऊन निदान ‘ड’ पर्यंत आणायचं असतं. ‘इ’ दिसली तर मुलाला रागावण्याआधी ‘जादा मार्गदर्शन कधी आणि कोण देणार?’ असं शाळेला विचारा. स्वतःकडे पैसे देऊन शिकवणी लावण्याचा सल्ला वर्गशिक्षकांनी दिला तर लक्षात ठेवा: शिक्षकांना खासगी शिकवणी घ्यायला कायद्याने मनाई आहे.

श्रेणीपेक्षा वर्णनात्मक नोंदी वाचा: विशेष प्रगती, आवड-छंद, सुधारणा आवश्यक. शिक्षकांना विनंती की सगळ्यांना ‘अभ्यासात सातत्य ठेवावे’ हीच ओळ लिहू नका. ‘जोडाक्षर असलेले शब्द सोडून वाचतो’ लिहिलंत तर पालकांना पुढे काय करायचं ते कळतं.

पायरी ९: समितीत बसा

सरकारी व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. अध्यक्ष पालकांमधून निवडला जातो, मुख्याध्यापक सचिव असतात. सरकारी शाळांत ही समिती शाळेवर लक्ष ठेवते, शाळा विकास आराखडा करते आणि अनुदान कसं खर्च होतंय ते पाहते; अनुदानित शाळांत तिचं काम सल्ल्यापुरतं असतं. गावाच्या राजकारणात ही निवडणूक अडकते आणि निवडून आलेले सदस्य नुसत्या सह्या करतात, हे सर्रास घडतं. सभेला जाताना एक ठोस प्रश्न घेऊन जा. स्वच्छतागृहात पाणी आहे का? पहिलीला शिक्षक किती दिवस नव्हते? पोषण आहारात पाचवीपर्यंतच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम धान्य आणि २० ग्रॅम डाळ ठरलेली आहे. आमटी पातळ असेल तर हजेरीचा आकडा आणि त्या दिवशी शिजायला घातलेल्या कोरड्या डाळीचं वजन, दोन्ही विचारा. शंभर मुलं असतील तर दोन किलो डाळ पडायला हवी. चव नोंदवहीत पालकांनाही लिहिता येतं. ते लिहा.

पायरी १०: खटके उडाले तर

साध्या तक्रारीचा क्रम असा: वर्गशिक्षक, मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समिती, केंद्रप्रमुख (जवळच्या काही शाळांवर देखरेख ठेवणारे), तालुक्याचे गटशिक्षणाधिकारी, आणि मग जिल्हा परिषदेतले प्राथमिक शिक्षणाधिकारी. महापालिकेच्या शाळेत मुख्याध्यापकांनंतर महापालिकेचा शिक्षण विभाग. पहिल्या पायरीवर तोंडी बोला, दुसरीपासून लेखी द्या आणि पोच घ्या. अर्जात तारीख, काय घडलं आणि काय हवं, एवढंच. स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार गेली की तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. वर्गशिक्षकांना वगळून थेट वरती गेलात तर काम कधी लवकर होतं, पण उरलेलं वर्षभर मूल त्याच वर्गात बसणार असतं.

मारहाण आणि लैंगिक छळ यांना हा क्रम लागू नाही. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार बंद आहेत, आणि ‘आमच्या पोराला हाणा, पण शिकवा’ असं पालकांनी सांगितलं तरी शिक्षकांना तशी मुभा मिळत नाही. लैंगिक छळाची शंका आली तर थेट पोलिसांकडे जा किंवा १०९८ या बाल मदतवाहिनीवर फोन करा. माहिती मिळूनही न कळवणं हा पॉक्सो, म्हणजे मुलांचं लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणाऱ्या कायद्याने गुन्हा आहे, आणि तो शाळेलाही लागू आहे. मुलाला खोदून खोदून विचारू नका. ते जे शब्द वापरेल ते तसेच लिहून ठेवा.

पायरी ११: एप्रिलमध्ये सोपवणी

दुसरीला बाई बदलणार असतील तर ओळखीचं पान आणि तिन्ही भेटींच्या चिठ्ठ्या पुढच्या शिक्षकांच्या हाती जाव्यात. त्यावर पहिलीच्या शिक्षकांनी अर्धं पान जोडावं: काय पक्कं झालं, काय अर्धवट राहिलं, कोणती युक्ती लागू पडली, कोणती नाही. पालकांनी त्याची प्रत मागून घ्यावी, विशेषतः गाव किंवा शाळा बदलणार असेल तर. डोळ्यांचा नंबर, औषध, घरची भाषा आणि न्यायला कोण येतं या चार नोंदी जूनच्या पहिल्या दिवशी नव्या बाईंना तोंडीही सांगा. सुट्टीत कपाटात गेलेली वही कधीकधी ऑगस्टमध्येच बाहेर निघते.